आमची म्हातारी फियाट आणि संभाजीनगरचा रस्ता

आमच्या घरी दोन म्हाताऱ्या आहेत. पहिली आमची आई. तिचे वय ब्याऐंशी. दुसरी वाड्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभी असते. तिचे वय चाळीस. पहिली पहाटे पाचला आपली आपण उठते. दुसरीला उठवावे लागते. थंडीच्या दिवसांत चोक ओढायचा, किल्ली दोन-तीनदा फिरवायची, मध्ये जरा थांबून तिला दम घेऊ द्यायचा, आणि पुन्हा किल्ली फिरवायची. एकदा उठली की मग दिवसभर तिची तक्रार नसते.

ही दुसरी म्हातारी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी मोटार. कंपनीने नाव पद्मिनी ठेवले, पण आमच्या भागात तिला सगळे फियाटच म्हणतात. वेरूळच्या पलीकडे, कन्नडच्या रस्त्याला लागून आमचे गाव आहे. या रस्त्यावरच्या दहा गावांत आता मोटारींना तोटा नाही. दारोदारी नव्या गाड्या उभ्या आहेत. पण लग्नाची वरात निघायची असली की नवरदेवाकडचे आमच्याकडेच येतात आणि म्हणतात, “अण्णा, तुमची फियाट द्या बरं एक दिवस. फोटो चांगले येतात.”

आमच्या आबांनी ही गाडी १९९१ साली शहरातल्या एका वकिलांकडून घेतली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या वर्षीचे उसाचे बिल आले, त्यात एका बैलजोडीचे पैसे घातले आणि गाडी दारात आली. बैल विकले म्हणून आई आठ दिवस आबांशी धड बोलली नाही. पहिल्या दिवशी गाडीची पूजा करतानाही तिने हळदीकुंकू वाहिले ते तोंड फिरवूनच. पुढे त्याच गाडीतून आमच्या दोन बहिणी सासरी गेल्या, पहिलटकरणी म्हणून माहेरी आल्या आणि लेकरे घेऊन परत गेल्या. २०१२ च्या पावसाळ्यात एका रात्री आबांच्या छातीत दुखू लागले. तेव्हा मी त्यांना याच गाडीच्या मागच्या बाकावर निजवून शहराला नेले. आईने त्यांचे डोके मांडीवर घेतले होते. चार दिवसांनी आम्ही दोघेच परत आलो.

हे सगळे आज सांगायचे कारण असे, की या गाडीच्या नोंदणीची मुदत २०२६ मध्ये संपते. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओपुढे उभी करून, तपासून घेऊन, नोंदणी पुढे न्यावी लागते. आमच्या गाडीने २००१ पासून दर पाच वर्षांनी हा उंबरठा ओलांडला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी आता दहा हजार रुपये झाली आहे. २०२२ च्या एप्रिलपर्यंत हीच फी सहाशे रुपये होती, मग ती पाच हजार झाली आणि आता दहा. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि धुराचा दाखला हे आहेच.

मुलाने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो म्हणाला, “अण्णा, दहा हजारांत एकरभर आल्याचं शेणखत येतं. गाडी भंगारात देऊ. दाखला घेऊ. नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सून गप्प होती. नात म्हणाली, “मग लग्नाला काय द्यायचं?” तिला वाटत होते की गाडी ही गावाला द्यायची वस्तू आहे.

आई ओसरीवर वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “विकायची तर विका. गाडी म्हणजे काही तुळस नव्हे. पण मला एकदा तिच्यातून शहराला नेऊन आणा. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचंच आहे. आणि त्या मिस्त्रीला विचारा, ती अजून किती चालेल. आबांनी त्याला विचारल्याबिगर काही केलं नाही.”

मग ठरले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ज्वारीची काढणी उरकल्यावर, आम्ही निघालो. मी, आई, मुलगा आणि नात.

सकाळी सातला गाडी काढली. वेरूळला लेण्यांच्या फाटकाशी सहलीच्या बसगाड्या लागायला सुरुवात झाली होती. कैलास लेणे माथ्याकडून खाली कोरीत आणले, हे मी नातीला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे चूक झाली तर पुन्हा दगड लावता येत नाही?” मी म्हटले, नाही. आईने गाडीतूनच घृष्णेश्वराच्या कळसाला हात जोडले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे याच वेरूळचे. त्यांनी आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून म्हणतात, की देऊळ जुने झाले म्हणून कोणी पाडीत नाही, नीट करून घेतो. मुलगा लगेच म्हणाला, “आजी, देवळाला आरटीओ नसतो.” आईसुद्धा हसली.

खुलताबादला थोडे थांबलो. भद्रा मारुतीचे दर्शन घेतल्याशिवाय आईचा घाट उतरत नाही. हा मारुती निजलेला आहे. श्रावणातल्या शनिवारी शहरातून माणसे रात्रभर पायी चालत इथे येतात. याच गावात औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबर आहे आणि मलिक अंबरचा मकबराही आहे. ज्याने शहर वसवले तो आणि ज्याच्या नावाने ते पुढे ओळखले गेले तो, दोघेही शहराबाहेर या डोंगरावर येऊन निजले आहेत.

खुलताबादहून दौलताबादकडे उतरणारा घाट लहान आहे, पण वळणाचा आहे. आबांचा नियम होता, ज्या गियरात घाट चढायचा त्याच गियरात तो उतरायचा. आमच्या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक आहेत. सारखे दाबत राहिले की ते तापतात आणि मग धरीत नाहीत. म्हणून मी दुसऱ्या गियरात हळूहळू उतरलो. मागे एका मोठ्या गाडीने दोनदा भोंगा वाजवला. मी कडेला घेऊन तिला जाऊ दिले. जुनी गाडी चालवणाऱ्याला अंगात थोडी लाज कमी आणि संयम जास्त ठेवावा लागतो.

घाट उतरला की समोर देवगिरीचा किल्ला दिसतो. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिले. पुढे ती परत दिल्लीला गेली. किल्ला मात्र आहे तिथेच आहे. हंगामात इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या मांडून बायका बसतात. आबा इथे हटकून गाडी थांबवीत. डिकीत पाटी ठेवीत आणि घरी पोचेपर्यंत एक सीताफळ फुटू देत नसत. ही गाडी वजनाला नऊशे किलोच्या आसपास, मागे पोलादी पाटे. खड्ड्यातून जाताना ती हादरे पोटात घेत घेत जाते.

पुढे शरणापूर, मिटमिटा, पडेगाव, छावणी असे करीत आम्ही शहरात शिरलो. वाटेत मुलाने विचारले, “अण्णा, ही गाडी मुळात बनवली कुठे?” मला जे ठाऊक होते ते सांगितले. वाचकांनाही त्यात रस वाटेल म्हणून इथे लिहितो.

सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. शेतकऱ्यांना वालचंदांचे नाव वेगळ्या कारणाने माहीत असते. इंदापूरकडचे वालचंदनगर आणि मालेगावजवळचे रावळगाव ही साखरेची गावे त्यांचीच. म्हणजे ऊस आणि मोटार ही दोन्ही खाती एकाच माणसाने मांडली होती. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ च्या सुमारास इथे फियाट अकराशे ही गाडी निघू लागली. तिच्या गोलसर तोंडामुळे मुंबईत तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तीच जात सुधारत सुधारत १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला. पुढच्या बाकावरही तिघे दाटीवाटीने बसत.

त्या काळी परवान्यांचे राज्य होते. देशात मोटारी मोजक्याच निघत. एक ही फियाट, दुसरी बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर, आणि खेड्यापाड्यांसाठी महिंद्रची जीप. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि चित्र पालटले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि अँबॅसिडरचे २०१४ मध्ये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनी आणखी काही वर्षे राहिली. शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मुंबईत कितीतरी लोक टॅक्सीबरोबर फोटो काढून घेत होते. खाजगी मोटारीला आपल्या राज्यात अशी वयोमर्यादा नाही. ती तपासणीत उतरली पाहिजे, एवढेच.

डोळ्यांचे काम लवकर आटोपले. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, उन्हाळा संपल्यावर काढू असे डॉक्टर म्हणाले. मग आम्ही मोंढ्याकडे, मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो.

छत्रपती संभाजीनगर हे आज मोटारींचे शहर आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या पिढीची निम्मी पोरे तिकडे कामाला लागली. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढण्यासाठी टोयोटाने राज्य सरकारशी करार केला. आणि २०१० च्या ऑक्टोबरात या शहरातल्या लोकांनी मिळून एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे पासष्ट कोटींचा तो सौदा होता. देशभरच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला. मागासलेला मराठवाडा म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, असे तेव्हा शहरातले लोक छाती काढून सांगत. त्यात खोटे काही नव्हते. पण त्याच शहरात, रुंद रस्त्याच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बाराच्या टपरीत बसून चाळीस वर्षांच्या मोटारी जिवंत ठेवणारी माणसेही आहेत. त्यांच्यावर कोणी बातमी छापीत नाही.

आमचे मिस्त्रीचाचा त्यांपैकी एक. वय सत्तरीचे. आता हाताने फारसे काम करीत नाहीत, खुर्चीत बसून नातवाला सांगतात. गाडी वळणावर दिसली तसे ते उठून उभे राहिले. आधी आईला सलाम केला. “आपा, तब्येत कशी आहे?” आई म्हणाली, “माझं सोड भाऊ. हिची बघ. पोरं विकायची म्हणतात.”

चाचांनी बॉनेट उघडायला लावले. गाडी चालू करून कानाने ऐकले. नंतर बंद करून नातवाला एक रबरी नळी काढायला सांगितली. पेट्रोलची नळी होती. त्यांनी ती बोटांनी वाकवली तर तिच्यावर बारीक भेगा दिसल्या. वासही येत होता. ते म्हणाले, “ये देखो पाटील. हिच्यामुळे एखाद्या दिवशी गाडी पेटली असती.”

मी विचारले, नळी तर तीन वर्षांपूर्वीच बदलली होती. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने ऐकण्यासारखे आहे. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. २०२२ मध्ये देशात दहा टक्क्यांचे लक्ष्य गाठले आणि २०२५ पर्यंत वीस टक्के. इथेनॉल जुन्या पद्धतीचे रबर खाते. ते हवेतले पाणी ओढते, म्हणून गाडी महिना-महिना उभी राहिली की टाकीत आतून गंज धरतो. पेट्रोलपेक्षा त्याची ताकदही कमी, म्हणून गाडी थोडी कमी चालते. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुन्यांची नळी, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग बदलून इथेनॉल सोसणारी घालावी लागते.

मुलगा मोठ्याने हसला. “अण्णा, इथेनॉल कशाचं करतात? आपल्या उसाचं. उसाच्या बिलातून आबांनी गाडी घेतली आणि आता ऊसच तिची नळी खातोय.” यावर चाचाही हसले. पण मला ते मनाला लागले. उसाला इथेनॉलमुळे चार पैसे मिळतात हे खरेच आहे आणि त्याबद्दल तक्रार करायचे आम्हाला कारण नाही. फक्त ज्याच्या घरी दोन्ही आहे त्याने दोन्हीकडे बघावे.

चाचांनी मग गाडी खड्ड्यावर घेतली. खालून पत्रा ठोकून पाहिला. मागच्या चाकाजवळ एके ठिकाणी गंज होता, बाकी पत्रा शाबूत. ब्रेकचे बूट घासले होते. पॉईंट घासून बसवले, प्लग साफ केले, नळ्या बदलल्या, ब्रेकचे तेल नवे भरले. नातवाच्या हाताशी चार पाने, एक पेचकस आणि एक हातोडी होती. नवी गाडी बंद पडली तर आधी तिला संगणक जोडावा लागतो. ही गाडी कुठे अडली ते ऐकून आणि हात लावून कळते. म्हणून ती खेड्यात टिकली. भाग अजून मिळतात का, असे विचारले तर चाचा म्हणाले, “टॅक्सी मोडल्या ना, त्यांचे भाग मुंबईत पडलेत. पण दहा साल बाद काय, ते मी नाही सांगत.”

मुलाने शेवटी मुख्य प्रश्न विचारला. “चाचा, ठेवायची की काढायची?”

चाचांनी लगेच उत्तर दिले नाही. नंतर म्हणाले, “बेटा, मी म्हणेन ठेव, कारण माझं पोट त्यावर आहे. म्हणून माझं ऐकू नको. एक सांगतो. हिला मजबूत समजून हायवेला पळवू नको. पत्रा जाड आहे म्हणून माणूस वाचत नाही. नवी गाडी टकरीत स्वतः चुरते आणि माणसाला वाचवते. हिच्यात पट्टा नाही, फुगा नाही. टक्कर झाली तर स्टिअरिंग छातीत येतं.”

इतकी वर्षे ‘जुने ते सोने, लोखंडी गाडी’ असे म्हणत मी जी फुशारकी मारली होती, ती त्या टपरीत खाली उतरली. खरे तेच ते बोलले. आम्ही पुढच्या दोन बसण्यांना पट्टे बसवून घ्यायचे ठरवले.

परतताना ऊन तापले होते. अडीच वाजले असतील. दौलताबाद ओलांडून घाट चढायला लागलो आणि अर्ध्यावर गाडीने दोन आचके दिले व ती बंद पडली. मुलाने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही, हेच जास्त झोंबले.

आई मागून म्हणाली, “वाफ धरली असेल. आबा काय करायचे?”

विहिरीवरचा पंप हवा धरतो हे आपल्याला माहीत आहे. सक्शन पाइपात हवा शिरली की मोटार फिरते, पण पाणी येत नाही. या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असतो. उन्हाळ्यात, त्यातून चढावर, तो इतका तापतो की आत पेट्रोलची वाफ होते. वाफ ओढता येत नाही, म्हणून गाडी अडते. उपाय एकच. ओले फडके पंपावर गुंडाळायचे आणि दहा मिनिटे सावलीत बसायचे. मी बॉनेट उघडले. आईने पिशवीतून आबांचा जुना पंचा काढला. तो तिने घरूनच भिजवून, पिशवीत घालून आणला होता. मी चकित होऊन पाहत राहिलो. ती म्हणाली, “चाळीस वर्षं संसार करायचा तर कोण कुठं अडतं ते ठाऊक असावं लागतं.”

एवढ्यात आल्याच्या गोण्या घेऊन येणारा टेंपो मागे थांबला. दोघे खाली उतरले. वरून एक नवी कोरी मोटार उतरत होती, तीही थांबली. तिच्यातला तरुण म्हणाला, “काका, दोर आहे का? ओढतो.” मी नको म्हटले, दहा मिनिटे द्या म्हटले. तेव्हा ते तिघेही तिथेच थांबले. टेंपोवाला म्हणाला, त्याच्या मामाची अशीच गाडी होती, त्यात अकरा माणसे बसून पैठणला नाथषष्ठीला गेली होती. तरुण म्हणाला, त्याच्या आजोबांची गाडी २०१५ मध्ये भंगारात गेली, तेव्हा तो शाळेत होता, आणि त्याने तिचा मागचा आरसा काढून ठेवला आहे. तो अजून त्याच्या टेबलावर आहे. नव्या गाडीभोवती माणसे जमतात ती किंमत विचारायला. जुन्या गाडीभोवती जमतात ती आपापल्या माणसांची आठवण सांगायला. हे काही आपल्याकडेच आहे असेही नाही. क्यूबा देशात १९५० च्या दशकातल्या अमेरिकन मोटारी अजून रस्त्यावर धावतात. अमेरिकेने व्यापार तोडला, नव्या गाड्या येईनात, तेव्हा तिथल्या माणसांनी बापाची गाडी मुलाने आणि मुलाची नातवाने, मिळेल ते भाग लावून चालवली. निरुपायाने सुरू झालेली गोष्ट पुढे घराची ओळख होऊन बसली.

दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फेरीत उठली. टेंपोवाल्याने शिट्टी मारली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा हिशेबाचा कागद निघाला. या वेळी आम्ही दोघांनी मिळून मांडला. दहा हजार फी पाच वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला दोन हजार. त्यात कर, विमा, दोन वेळची दुरुस्ती धरली, तरी नव्या गाडीच्या दोन महिन्यांच्या हप्त्यापेक्षा वर्षाचा खर्च कमी येतो. पण हेही लिहिले, की रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायला, दूरच्या प्रवासाला आणि लेकराबाळांना महामार्गावरून न्यायला ही गाडी आता वापरायची नाही. त्यासाठी घरात एक साधी, पट्टे आणि फुगे असलेली, जुन्या बाजारातली का होईना, पण अलीकडची गाडी हवी. २०१२ ची ती रात्र मला आठवली. त्या रात्री आमच्याकडे दुसरी गाडी असती तर आबा वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण घाटात मी चाळीसच्या पुढे जाऊ शकत नव्हतो, हे मी विसरलेलो नाही. हे मी मुलाला प्रथमच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग दोन्ही करू. आल्याचे पैसे आले की गाडी बघू. तोवर हिचे कागद करून घेऊ.”

आणखी दहा वर्षांनी, २०३६ मध्ये, आमची गाडी पन्नास वर्षांची होईल. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या मोटारीची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येते. पण अशी नोंद केली की ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, मिरवणुकीला न्यायची, एवढेच. आईला हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे सोवळ्यात ठेवायची. नको. तोवर बाजाराला जाऊ दे.”

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. ठेवायची असेल तर आधी नोंदणीची मुदत आणि चासीचा नंबर कागदाशी ताडून पाहा. पेट्रोलच्या नळ्या बदला. ब्रेकची तपासणी पावसाळ्यापूर्वी करा. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा, उभी ठेवू नका. आणि काढायचीच असेल तर गावात येणाऱ्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. सरकारमान्य केंद्रात द्या, मोडल्याचा दाखला घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नावाची गाडी कुठे आणि कोणत्या कामाला फिरेल याचा भरवसा नाही.

आमच्या गाडीचे कागद मुलाने गोळा करून पिशवीत घातले आहेत. नात हल्ली कडुनिंबाखाली जाऊन पुढच्या बाकावर बसते आणि स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गियर वरखाली करते. आईचे मोतीबिंदूचे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला आहे. त्या दिवशी शहराला बसने जावे, असे मी म्हटले. आईने ऐकून घेतले. आज सकाळी पाहिले तर आबांचा तो पंचा तिने धुऊन, वाळवून, घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवला होता.